युद्धवृत्तात न आलेला पूल

ज्या गोष्टीची कागदावर नोंद नाही ती घडलीच नाही, असे धरून चालण्याची आम्हां वकील मंडळींस सवय जडलेली असते. इतिहासकारांचीही अवस्था पुष्कळशी अशीच. दप्तरात जे आहे ते इतिहासात येते; जे दप्तरात शिरले नाही ते कालांतराने लोकांच्या स्मरणातूनही निसटते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या मुख्यालयाकडून रोजच्या रोज एक युद्धवृत्त नभोवाणीवरून प्रसृत होत असे. सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झालेली ही प्रथा ९ मे १९४५ पर्यंत, म्हणजे शरणागती होऊन गेल्यावरही एक दिवस, चालू होती. शहरे पडली, सैन्येच्या सैन्ये नाहीशी झाली, परंतु वृत्त काही थांबले नाही. त्या वृत्तांत जे आले नाही अशा एका प्रसंगावर बेर्नहार्ट विकी या दिग्दर्शकाने १९५९ साली ‘डी ब्रुके’, म्हणजे ‘पूल’, या नावाचा जर्मन चित्रपट काढला. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर दोनच वाक्ये उमटतात. त्यांचा आशय असा की, हे २७ एप्रिल १९४५ रोजी घडले, आणि ते इतके क्षुल्लक होते की कोणत्याही युद्धवृत्तात त्याचा उल्लेख आला नाही.

सदर चित्रपटाकडे आम्ही कलाकृती म्हणून पाहत नाही. तो अधिकार आमचा नव्हे. आम्हांस त्यात दिसतो तो एक खटला. त्यात मृत आहेत, घटनास्थळ आहे, तारीख आहे, साक्षीपुरावा आहे. नाही तो फक्त आरोपी.

प्रथम तारखेचा विचार करू. २५ एप्रिल १९४५ रोजी पूर्वेकडून आलेल्या रशियन व पश्चिमेकडून आलेल्या अमेरिकन तुकड्या एल्बे नदीच्या काठी टोर्गाऊ येथे एकमेकांस भेटल्या होत्या, आणि जर्मनीचे दोन तुकडे झाले होते. बर्लिनभोवतीचा फास आवळला गेला होता. ३० तारखेस हिटलरने आत्महत्या केली आणि ८ मे रोजी युरोपातील युद्ध संपले. म्हणजे चित्रपटातील ज्या दिवशी ही मुले पुलावर उभी राहिली, त्या दिवसापासून युद्धाचे अवघे अकरा दिवस शिल्लक होते. त्या पुलाला लष्करी दृष्टीने काडीची किंमत नव्हती. जर्मन सैन्य स्वतःच तो उडवून देणार होते.

मुले सात. एकाच वर्गातील, सोळा वर्षांच्या आसपासची. झिगीची आई लोकांचे कपडे धुऊन गुजराण करणारी. कार्लचा बाप न्हावी, मागील युद्धात पंगू झालेला. वाल्टरचा बाप गावचा नाझी पक्षाधिकारी. व्यासपीठावर देशासाठी मरण्याच्या गोष्टी बोलणारा, आणि वेळ आली तेव्हा स्वतःची कातडी वाचवून निघून जाणारा. युर्गेन जमीनदाराच्या घरातला, पिढीजात लष्करी परंपरेचा. बाप युद्धात पडलेला, आणि निरोप देताना आई मुलाच्या हाती बापाचे पिस्तूल ठेवते. हान्स हा बाहेरगावाहून सुरक्षिततेसाठी आलेला, आल्बर्टच्या घरी राहणारा. सातवा क्लाउस, वर्गातील एका मुलीवर जीव जडलेला. चित्रपटाचा पहिला जवळजवळ अर्धा भाग या मुलांच्या घराघरांतून फिरण्यात जातो. नदीकाठची होडी, शाळेतले धडे, बापलेकांची भांडणे, असे सगळे पाहत असता हा युद्धपट आहे याचा विसर पडावा. आमच्या एका मित्राने हा भाग रेंगाळतो अशी तक्रार केली. आमचे मत उलट आहे. पुढे मरणाऱ्या माणसाचे घर ज्याने पाहिले नाही, त्याला मरणाचा आकडा कळतो, मरण कळत नाही.

सैन्यात बोलावणे आल्यावर मुलांना आनंद होतो, ही त्यातील सर्वांत दुःखाची गोष्ट. एक दिवस कवायत होते, आणि त्याच रात्री धोक्याची सूचना होऊन तुकडी आघाडीकडे निघते. मुलांचा इंग्रजीचा शिक्षक श्टेर्न अगोदरच तळावर जाऊन कप्तानाची विनवणी करून आलेला असतो, की ही पोरे आहेत, यांना जपा. कप्तान निर्दय नाही. तो या मुलांना आघाडीवर न नेता गावातल्याच पुलाच्या पहाऱ्यावर ठेवतो. पूल तर उडवून द्यायचाच आहे, म्हणजे मुले लढाईपासून दूर राहतील आणि वेळ येताच घरी पळतील, असा त्याचा हिशेब. सोबत हाइलमान नावाचा एक अनुभवी नायक देतो. हा हाइलमान रात्री पुलावरून गावात जातो, तेथे लष्करी पोलीस त्याला पळपुटा समजून हटकतात, आणि त्यात तो गोळीला बळी पडतो. मुलांचे रक्षण करण्याची आज्ञा फक्त त्यालाच ठाऊक होती. मुलांना ठाऊक होते ते एवढेच, की पूल राखायचा.

पुढचा भाग आम्ही थोडक्यात सांगतो. पहाटे एक अमेरिकन विमान गोळ्या झाडीत जाते. सगळे आडवे पडतात. झिगी पडत नाही, कारण आदल्या रात्री भित्रा म्हणून त्याची थट्टा झालेली असते. तोच प्रथम जातो. मग रणगाडे येतात, आणि ही मुले खरोखरच ते थोपवून धरतात. एक अमेरिकन शिपाई समोर पोरे आहेत हे पाहून, थांबा, आम्हांला मुलांशी लढायचे नाही, अशा अर्थाचे ओरडतो. त्याच्या पोटात गोळी घातली जाते. एकामागून एक मुले पडतात. अखेर अमेरिकन मागे सरतात आणि हान्स व आल्बर्ट दोघेच उरतात. त्यांना वाटते, आपण जिंकलो. तेवढ्यात जर्मन सैन्याचीच सुरुंगवाली तुकडी पूल उडविण्यासाठी येते आणि या दोघांची हेटाळणी करते. ज्याच्यासाठी पाच मित्र गेले तो पूल आपलेच लोक नष्ट करणार, हे समजताच बंदुका आपल्याच माणसांकडे वळतात. आल्बर्ट तुकडीच्या म्होरक्याला मारतो. जाता जाता बाकीचे हान्सवर गोळ्या झाडतात. आल्बर्ट एकटा चालू लागतो. पूल शाबूत राहतो.

आता आरोपी कोण? शिक्षकाने विनवणी केली, तो नव्हे. कप्तानाने त्यांना वाचवण्याचा बेत केला, तो नव्हे. हाइलमान तर मेलाच. लष्करी पोलिसांनी आपल्या समजुतीप्रमाणे पळपुट्याला पकडले. अमेरिकनांवर गोळ्या येत होत्या, म्हणून त्यांनी गोळ्या झाडल्या. सुरुंगवाले हुकूम बजावण्यास आले होते. ज्याने त्याने आपापले काम केले, काहींनी तर दयाबुद्धीने केले, आणि त्या सर्वांची बेरीज सहा मुलांचे मरण अशी झाली. फौजदारी कायद्यास एक माणूस आणि त्याचा एक हेतू लागतो. जेथे दोष शंभर हातांत थोडा थोडा वाटला गेला आहे तेथे कायदा प्रत्येक हात उलटसुलट करून पाहतो आणि प्रत्येकाला सोडून देतो. आमच्या व्यवसायातील हे वैगुण्य इतक्या स्पष्टपणे दाखविणारी दुसरी कलाकृती आमच्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात कीर्तनकार उत्तररंगास अभिमन्यूचे आख्यान लावतो, तेव्हा श्रोत्यांस शेवट ठाऊक असूनही डोळे कोरडे राहत नाहीत. अभिमन्यूही सोळाच वर्षांचा. आदिपर्वात तसा उल्लेखच आहे, की सोमाने आपला पुत्र वर्चा पृथ्वीवर दिला तो सोळा वर्षांच्या बोलीवर. त्यालाही वडीलधाऱ्यांनीच पुढे घातले, त्याच्याही मागून येणारे येऊ शकले नाहीत, जयद्रथाने वाट अडवली. इतके साम्य पाहून कोणी म्हणेल की ही गोष्ट पुरातनच आहे, जर्मनांनी त्यात नवे काय केले? परंतु महाभारतकाराने पुढे काय लिहिले ते पाहावे. युधिष्ठिर शोक करतो तो नुसता पुतण्या गेला म्हणून नव्हे. ज्याला उत्तम अन्न, वाहने, शय्या आणि अलंकार देण्यात पुढे करावयाचे त्या बालकाला आपण रणात पुढे केले, असे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो. आणि संध्याकाळी परत आलेला अर्जुन आपल्या भावांना व वीरांना विचारतो, की तुमची चिलखते आणि शस्त्रे ही काय अंगावर मिरविण्याची भूषणे होती? तेथे दोष कोणाचा हे विचारले जाते, आणि दोष आपला आहे असे म्हणणारा राजा तेथे असतो. बव्हेरियातील त्या पुलासाठी कोणी युधिष्ठिर उभा राहिला नाही. जो राजा होता तो बर्लिनच्या तळघरात होता.

ही मुले पुलापर्यंत आली ती कायद्याच्या वाटेने आली, हे येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. २५ सप्टेंबर १९४४ च्या हिटलरच्या आदेशाने ‘फोल्क्सश्टुर्म’ हे लोकसैन्य उभे करण्यात आले. १६ ते ६० वयाचा शस्त्र धरू शकणारा प्रत्येक पुरुष त्यास बांधला गेला. मार्च १९४५ मध्ये तर १९२९ साली जन्मलेल्या मुलांना प्रत्यक्ष सैन्यात बोलावण्यात आले. म्हणजे सोळा पुरी झालेली, कित्येकांची तीही न झालेली. त्यांच्या हाती दिले जाई ते बहुधा ‘पान्झरफाउस्ट’, म्हणजे एकदाच डागता येणारे रणगाडाभेदी नळकांडे. ते स्वस्त होते, शिकावयास सोपे होते, आणि ते डागण्यासाठी रणगाडा अगदी काही पावलांवर येईपर्यंत जागचे हलू नये लागे. प्रौढ माणसाला हे जड जाते. मुलांना मरण ठाऊक नसते, म्हणून ती थांबतात.

मागे हटणाऱ्यासाठी दुसरा कायदा होता. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी न्यायमंत्री टीराक याने शत्रू जवळ आलेल्या प्रदेशांत तातडीची न्यायालये स्थापण्याचा हुकूम काढला. अध्यक्षस्थानी एक फौजदारी न्यायाधीश, त्याच्या एका बाजूस नाझी पक्षाचा अधिकारी, दुसऱ्या बाजूस सैन्याचा वा पोलिसांचा अधिकारी. निकाल तीनच प्रकारचे: मृत्यू, निर्दोष, अथवा नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग. पुढच्याच महिन्यात यावर ताण करणारी फिरती लष्करी न्यायालये निघाली. ती न्यायालये आरोपीच्या दारी जात. न्यायाधीश, आसन, निकालपत्र, सह्या, सर्व काही यथासांग होते. चित्रपटात हाइलमानला गोळी लागते ती कोणत्याही न्यायासनापुढे न जाता. परंतु गावाच्या रस्त्यावर एकट्या दिसलेल्या शिपायाकडे पळपुटा म्हणूनच पाहावे, ही वृत्ती याच हुकूमनाम्यांनी रुजवली होती.

चित्रपटात नसलेली, परंतु त्याच महिन्यातली एक सत्य घटना सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. दक्षिण जर्मनीत ब्रेटहाइम नावाचे एक शेतकऱ्यांचे खेडे आहे. ७ एप्रिल १९४५ रोजी तेथे हिटलरच्या कुमारसंघटनेतील चार मुले पान्झरफाउस्ट घेऊन आली. अमेरिकन सैन्य जवळ आले होते. मुलांनी एखादा बार काढला असता तर गाव जळाले असते. गावकऱ्यांनी मुलांच्या हातातील शस्त्रे काढून घेतली आणि गावच्या तळ्यात टाकली. त्यात फ्रीडरिश हान्सेलमान नावाचा एक शेतकरी होता. झाला प्रकार वर कळला, तेव्हा एस. एस. चे अधिकारी आले, न्यायासन मांडले गेले आणि हान्सेलमानला देहान्ताची शिक्षा ठरली. निकालपत्रावर गावच्या दोन प्रतिष्ठितांच्या सह्या हव्या होत्या. एक गावचा नगराध्यक्ष लेओनहार्ट गाकश्टाटर, दुसरा गावचा शिक्षक लेओनहार्ट वोल्फमायर. हा शिक्षक स्वतः नाझी पक्षाचा स्थानिक प्रमुख होता, हे लक्षात ठेवावे. दोघांनीही सही करण्याचे नाकारले. १० एप्रिल रोजी तिघांनाही स्मशानाजवळच्या लिंडेनच्या झाडांवर फासावर चढवण्यात आले. काही दिवसांतच युद्ध गावावरून गेले आणि गावही जळाले.

विकीच्या चित्रपटात जी साखळी कोठेही तुटत नाही ती ब्रेटहाइमात एका शेतकऱ्याने तळ्याकाठी तोडली आणि दोघांनी एका कागदावर तोडली. सही न करणे ही केवढी मोठी कृती असू शकते, हे आम्ही इतकी वर्षे मुखत्यारपत्रे आणि खरेदीखते पाहूनही कधी मनात आणले नव्हते.

हे निकाल कायम करणारा सेनानी माक्स झिमोन. इटलीतील हत्याकांडांबद्दल ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली होती. ती पुढे कमी झाली आणि १९५४ साली तो सुटला. ब्रेटहाइमच्या तीन माणसांबद्दल त्याच्यावर १९५५ पासून जर्मन न्यायालयांत खटले चालले. तो निर्दोष सुटला. वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरवून खटला पुन्हा चालवावयास लावला, तरी तो पुन्हा निर्दोषच सुटला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे न्यायालय भरले, निकाल लागला, तो आपण कायम केला, हा बचावाचा गाभा होता. १९६१ साली तो मरण पावला, तो निर्दोष म्हणूनच. ‘डी ब्रुके’ चे पहिले प्रदर्शन ऑक्टोबर १९५९ मधले. म्हणजे हा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला हाच खटला वर्तमानपत्रात वाचावयास मिळत होता. चित्रपटात आरोपी का नाही, याचे उत्तर लेखकाच्या कल्पकतेत शोधण्याचे कारण नाही. त्या देशाच्या न्यायालयांतही तो सापडत नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या काळाची. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये पुन्हा सैन्य उभारले आणि जुलै १९५६ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा केला. युद्धातील शिपाई सज्जन होते, वाईट होते ते वरचे काही थोडे, असे सांगणारे चित्रपट त्या दशकात तेथे पुष्कळ निघाले आणि चांगले चालले. विकीचा चित्रपट त्या पंगतीत बसत नाही. या माणसाचा जन्म १९१९ सालचा, ऑस्ट्रियातला. तरुणपणी तरुणांच्या एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असल्यावरून त्याला झाक्सेनहाउसेनच्या छळछावणीत काही महिने काढावे लागले होते. नट म्हणून तो नावारूपास आला होताच. कॉयटनरच्या १९५४ च्या ‘अखेरचा पूल’ या अर्थाच्या नावाच्या चित्रपटात त्याने बंडखोराची भूमिका केली होती. पुलाशी त्याचे काही ऋणानुबंध असावेत. ‘डी ब्रुके’ चे चित्रण बव्हेरियातील काम या गावी झाले (उच्चार आपल्या ‘काम’ या शब्दासारखाच). खरे रणगाडे मिळाले नाहीत, तेव्हा मालमोटारींवर लाकडी सांगाडे चढवून रणगाडे केले. मुलांच्या भूमिकांसाठी त्याने कोवळी, बहुतेक अपरिचित मुले निवडली. आल्बर्टचे काम करणारा फ्रिट्झ वेपर १९४१ सालचा. क्लाउस झालेला फोल्कर लेख्टेनब्रिंक ऑगस्ट १९४४ चा, म्हणजे ज्या दिवसाची ही कथा त्या दिवशी तो वर्षाचाही नव्हता. चित्रपटास अमेरिकेत गोल्डन ग्लोब मिळाले आणि ऑस्करसाठीही त्याची निवड-यादीत नोंद झाली. ज्यांनी त्या पुलावरून रणगाडे आणले होते त्यांच्याच देशात!

त्याच एप्रिल महिन्यात आपली माणसे कोठे होती, असे कोणी विचारील, विशेषतः बेळगावकडील वाचक. तीही जर्मनांशीच लढत होती, आल्प्सच्या अलीकडे. ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे तिच्या पहिल्या पलटणीने ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडली. त्या पलटणीत नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव हा तेवीस वर्षांचा शिपाई निरोप्या होता. बाजूचे बहुतेक सोबती पडल्यावर त्याने दोन जखमींना पाण्यातून, चढणीच्या बांधावरून आणि पेरलेल्या सुरुंगांमधून एकामागून एक सुरक्षित जागी नेले, नंतर एकट्याने शत्रूच्या तीन मशिनगन बंद पाडल्या, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या तुकड्यांना वर बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला व ती हकीगत सरकारी गॅझेटात सविस्तर छापली गेली. ती छापली जावी हे योग्यच. परंतु हेही ध्यानात येते की नामदेव जाधवाच्या कृत्याची नोंद एका सैन्याने केली कारण त्यात त्या सैन्याचे भूषण होते. मुलांच्या पुलाची नोंद कोणत्या सैन्याने करावी? जर्मनांना तिची लाज, अमेरिकनांना तिचे दुःख. दोन्ही दप्तरांत तिला जागा नव्हती.

आता कायद्याकडे पुन्हा वळू, कारण गोष्ट १९४५ मध्ये संपत नाही. १९७७ च्या जिनीव्हा कराराच्या पुरवणीने पंधरा वर्षांखालील मुलांना लढाईत भाग घेऊ देऊ नये असे ठरवले. १९८९ च्या बालहक्क करारात हीच मर्यादा राहिली. १९९८ च्या रोम कराराने पंधरा वर्षांखालील मुलांची भरती हा युद्धगुन्हा ठरवला, आणि त्याखाली कांगोतील थॉमस लुबांगा या टोळीप्रमुखास आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये दोषी ठरवून पुढे चौदा वर्षांची शिक्षा दिली. त्या न्यायालयाचा तो पहिलाच निकाल. वाचकांनी वयाची रेषा पाहिलीच असेल: पंधरा. आमची सातही मुले सोळाच्या घरातली. ती आज पुलावर उभी राहिली, तर त्यांना तेथे उभे करणे हा रोम करारान्वये गुन्हा होत नाही.

२००० साली बालहक्क कराराला एक पूरक करार जोडला गेला, तो २००२ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे अठरा वर्षांखालील कोणास सक्तीने भरती करता येत नाही. तथापि सोळा वर्षांनंतर स्वखुशीने येणाऱ्यास घेण्याची मुभा काही अटींवर राष्ट्रांना आहे. अठराखालच्यांना प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवण्यासाठी राष्ट्रांनी शक्य ते सर्व उपाय योजावेत, असे शब्द आहेत. ‘शक्य ते’ या दोन शब्दांत किती गोष्टी मावतात हे कोणाही वकिलास सांगावयास नको. त्या कप्तानानेही त्याला शक्य ते केलेच होते.

आणि ‘स्वखुशीने’? पुलावरची मुले नाचत गेली होती. आपल्याकडे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबीच्या प्रकरणात निर्णय दिला, की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीस ‘अज्ञान’ म्हणतात. हा शब्द ज्याने योजला त्याला मनुष्यस्वभाव ठाऊक असला पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलाने घर गहाण ठेवले तर कायदा म्हणतो, त्याला कळत नव्हते, कागद फाडून टाका. त्याच मुलाने जीव गहाण ठेवला तर मात्र अटी, शर्ती आणि पालकांच्या संमतीपत्राचा प्रश्न उरतो. जगातील इतक्या विद्वान कायदेपंडितांनी इतकी वर्षे बसून ही विसंगती दूर का केली नाही, असे आम्ही विचारीत नाही. राष्ट्रांना सैन्ये हवी असतात, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. परंतु ते उत्तर आहे, समर्थन नव्हे.

ही कथा मुळात एका कादंबरीची. १९५८ साली मानफ्रेड ग्रेगोर या टोपणनावाने ती प्रसिद्ध झाली. लेखकाचे खरे नाव ग्रेगोर डॉर्फमाइस्टर, जन्म मार्च १९२९. म्हणजे ज्या वर्षीच्या मुलांना शेवटी बोलावण्यात आले त्याच वर्षीचा. १९४५ च्या वसंतात बव्हेरियात तो स्वतः अशाच एका पुलावर सोबत्यांबरोबर होता. तो तेथून निघून गेला. जे थांबले ते मेले. कादंबरीत लढाईच्या मधेमधे प्रत्येक मुलाचे पूर्वायुष्य आठवणींच्या रूपाने येते; विकीने ते उलगडून सरळ कालक्रमाने मांडले, आणि त्यामुळे घरे आधी दिसतात, पूल नंतर. डॉर्फमाइस्टर पुढे बाट ट्योल्त्स या गावी वृत्तपत्रात काम करू लागला. त्या छोट्या गावच्या रोजच्या बातम्या त्याने वर्षानुवर्षे लिहिल्या. २०१८ साली वयाच्या ८८ व्या वर्षी तो वारला.